पेटी माळ्यावर टाकण्याआधी...

आमच्या क्लासमध्ये दरवर्षी मे महिन्यात एक ठरावीक संवाद होतो. प्रवेशिका पूर्ण झालेली, मध्यमा प्रथमच्या उंबरठ्यावरची मुलगी आणि शेजारी तिची आई. मुलगी खाली बघत असते, आई म्हणते, "बाई, आता दहावीचं वर्ष. वर्षभर गाणं बंद ठेवतो. मग बघू." हे 'मग बघू' म्हणजे काय, ते मला आता पाठ झालंय. दहावीनंतर अकरावी-बारावी, मग सीईटी नाहीतर नीट, मग पदवी, मग स्थळं! पेटी जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर जाते. ती खाली उतरते ती थेट त्या मुलीची मुलगी पाच वर्षांची झाल्यावर. तोवर भात्याला उंदरांनी भोकं पाडलेली असतात आणि दुरुस्तीसाठी मिरजेच्या खेपा सुरू होतात.

मैत्रिणींनो, दहावीच्या वर्षाबद्दल मी वाद घालत नाही. (शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण दहावीला मिळतात म्हणून हल्ली काही आया उलट घाईघाईनं परीक्षा द्यायला लावतात, तो वेगळाच विषय!) मला बोलायचंय ते त्यापुढच्या वर्षांबद्दल. म्हणजे मुलगी कॉलेजात, विद्यापीठात जाते तेव्हाबद्दल. कारण गाण्यासाठी सगळ्यात जास्त सोयी नेमक्या त्याच वर्षांत असतात आणि नेमक्या तेव्हाच आपण गाणं बंद केलेलं असतं.

पदवीला गेलेल्या मुलीपुढे गाण्याचे दोनच रस्ते असतात, असं आपल्याकडे धरून चालतात. एक तर सगळं सोडून गाण्याला वाहून घ्यायचं, नाहीतर गाणंच सोडायचं. उदाहरणं दिली जातात तीही मोठी. डॉ. प्रभा अत्रे विज्ञानाच्या आणि कायद्याच्याही पदवीधर होत्या. अश्विनी भिडे-देशपांडे यांनी मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलं, बायोकेमिस्ट्रीत डॉक्टरेट मिळवली. खरं आहे, अभिमान वाटावा असंच आहे. पण आमच्या तालुक्यातल्या बी.कॉम.च्या मुलीला ही नावं ऐकून धीर येत नाही, उलट ती दबते. तेवढं मला थोडंच जमणार आहे, असं तिला वाटतं. तिला मैफल गाजवायची नसते हो. तिला गायचं असतं, बस्स. आणि शक्य तर कुणाच्या तरी सोबतीनं.

ही सोबतीनं गाण्याची सोय आपल्या विद्यापीठांत आहे. तिचं नाव युवा महोत्सव. आपल्याला युवा महोत्सव म्हटलं की नाच, एकांकिका आणि टाळ्या-शिट्ट्या एवढंच डोळ्यापुढे येतं. पण त्यात संगीताचा विभाग भलामोठा असतो. शास्त्रीय गायन, तालवाद्य, स्वरवाद्य, सुगम गायन, पाश्चात्त्य गायन हे एकेकट्यानं सादर करायचे प्रकार. आणि गटानं करायचे प्रकार म्हणजे भारतीय समूहगीत, पाश्चात्त्य समूहगीत आणि लोकवाद्यवृंद. आमच्या भागात शिवाजी विद्यापीठाचा महोत्सव आधी जिल्हा पातळीवर होतो, तिथून निवडलेले गट मध्यवर्ती महोत्सवाला जातात. पुढे राज्यातल्या विद्यापीठांचा 'इंद्रधनुष्य' आणि भारतीय विद्यापीठ संघाचा विभागीय आणि राष्ट्रीय महोत्सव. म्हणजे तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलीला एक जिना असतो, पायरी-पायरीनं चढायचा. वयाची अट पंचविशीच्या आतली. त्यासाठी संगीत हा विषय घेतलेला असावा लागत नाही. बी.एस्सी., बी.कॉम., नर्सिंग, काहीही चालतं.

गेली काही वर्षं आमच्या कॉलेजचा समूहगीताचा गट बसवायला मी जाते. त्यामुळे या प्रकाराबद्दल जरा सविस्तर सांगते. मुली याला 'ग्रुप साँग' म्हणतात. जास्तीत जास्त सहा गायक, तीन साथीदार आणि दहा मिनिटं. गाणी दोन, एक हिंदी आणि एक आपल्या भाषेतलं, ते लोकगीत असलं तरी चालतं. सिनेमाचं गाणं मात्र चालत नाही. ही शेवटची अट ऐकली की पहिल्या दिवशी निम्म्या मुलींचे चेहरे उतरतात! कारण तोवर त्यांनी गायलेलं सगळं एक तर परीक्षेचं असतं, नाहीतर सिनेमाचं.

सहा जणींनी मिळून गायचं म्हणजे एकच गाणं सहा वेळा मोठ्यानं म्हणायचं, असं सुरुवातीला सगळ्यांना वाटतं. क्लासमध्ये प्रत्येक जण आपापल्या पट्टीत, आपापल्या आवाजात गायला शिकलेली. इथं शेजारणीचा आवाज ऐकत गायचं. एकीचा आवाज कितीही गोड असला आणि तो बाकी पाच जणींच्या वर तरंगत राहिला तर गाणं फसतं. शिवाय पट्टीची भानगड असते. मुलींची पट्टी साधारण काळी चार-पाच, मुलांची काळी एक-दोन. मिश्र गट असला की मुलांच्या पट्टीत मुलींचा अंतरा आभाळात जातो आणि मुलींच्या पट्टीत मुलांच्या मानेच्या शिरा फुगतात. मग ओळी वाटून द्यायच्या, खालचे सूर कुणी, वरचे कुणी ते ठरवायचं. आमच्या गटात त्या वर्षी सहाच्या सहा मुलीच होत्या, त्यामुळे हा प्रश्न आपोआप मिटला. साथीला पेटी, ढोलकी आणि तालाची लहानसहान वाद्यं.

मराठी गाणं कुठलं घ्यायचं यावर आठवडाभर काथ्याकूट झाला. गोंधळ, कोळीगीत, जोगवा ही दर वर्षीची हमखास गाणी. परीक्षकांनाही ती पाठ झालेली असणार. तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते. चालतील?" ही मुलगी रोज बारा किलोमीटरवरून एसटीनं यायची. दुसऱ्या दिवशी तिनं मोबाइलवर आजीचा आवाज भरून आणला. मागं कोंबड्या ओरडतायत, मधेच कुणी तरी आजीला हाक मारतंय, आणि त्या सगळ्यातून ती चाल. चार-पाच स्वरांतली, साधी, पण प्रत्येक ओळीच्या शेवटी एक असा हेलकावा की मी वहीत नोटेशन लिहायला बसले आणि तीनदा खोडलं. आमच्या परीक्षांच्या पुस्तकात ती जागा लिहायची खूणच नाही.

आम्ही ती ओवी बसवली. सुरुवातीला एकटीनं, बिनतालाची. मग सहा जणी, मग ढोलकी. मुलींनी उत्साहानं लय वाढवत नेली, टाळ्या पडायला हव्यात ना! त्याचं रेकॉर्डिंग आजीला ऐकवलं तर आजी म्हणाली, "एवढ्या घाईनं दळलं तर पीठ जाडं पडंल गं." मुली आधी खूप हसल्या. पण दुसऱ्या दिवशी लय उतरली आणि गाणं एकदम बसलं. मी इतकी वर्षं शिकवते, पण विलंबित लय का धरायची, हे इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आलेलं नाही.

जिल्ह्याच्या महोत्सवात आमचा गट निवडला गेला. आणि मग खरी अडचण आली. मध्यवर्ती महोत्सव दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणजे मुक्काम करावा लागणार. त्या मुलीच्या वडिलांनी साफ नाही म्हणून सांगितलं. मी घरी गेले. चहा झाला, बोलणं अगदी आदरानं झालं. मुलींसोबत कॉलेजच्या मॅडम असतात, राहायची सोय मुलींची वेगळी असते, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तुमच्यावर भरवसा आहे. पण गाण्यासाठी रात्री बाहेर, गावात काय सांगू?" गंमत बघा, हीच मुलगी आदल्या वर्षी एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिराला जाऊन आली होती. तेव्हा गावात काही सांगावं लागलं नव्हतं. शिबिरात श्रमदान असतं, गाण्यात काय असतं? आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, काही बोलली नाही. ती गावच्या भजनी मंडळात गाते, हे मला नंतर कळलं.

आजीची ओवी मध्यवर्ती महोत्सवाला गेली, नात गेली नाही. पाच जणींनी गायलं. नियमानं पाच चालतात, पण सहा आवाजांसाठी वाटलेल्या ओळी पाचात गाताना एक जागा रिकामी राहते ती राहतेच. नंबर आला नाही. नंबराचं मला फारसं वाटलं नाही. परतीच्या गाडीत मुलींनी तिला फोन लावला आणि सगळ्यांनी मिळून फोनवर ती ओवी म्हटली, तेव्हा मात्र मी खिडकीबाहेर बघत बसले.

पुढच्या वर्षी ती आली. वडिलांचं मन कसं वळलं ते मला ठाऊक नाही, मीही विचारलं नाही. प्रवासाच्या दिवशी सकाळी स्टँडवर आई सोडायला आली होती. तिनं मला बाजूला घेऊन फक्त एवढं विचारलं, "बाई, हिला सुरुवातीची एकटीनं म्हणायची ओळ देणार का?" ती तिच्याकडेच होती. आता ती मुलगी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि मध्यमा पूर्णची तयारी करतेय.

लोकवाद्यवृंदाबद्दलही थोडं सांगायला हवं. यात बाराजणांपर्यंतचा गट असतो आणि सात ते दहा मिनिटांत लोकवाद्यांची जुगलबंदी रंगवायची असते. हलगी, संबळ, दिमडी, तुणतुणं, सनई, पखवाज, टाळ, चौंडकं... पालघरकडची मुलं तारपा आणतात, नंदुरबारकडची पावरी. पूर्वी या गटात मुली असल्या तर कोपऱ्यात टाळ नाहीतर झांज वाजवायला. हलगी-संबळ म्हणजे पुरुषांचं काम! ढोल-ताशा पथकांत मुली कमरेला ढोल बांधून उभ्या राहिल्या तेव्हापासून हे बरंच ढिलं झालंय. तसंही चौंडकं जोगतिणींच्या हातात कधीपासून आहेच. आमच्याकडे एक मुलगी हलगी वाजवते, तिला हे वाद्य घरातूनच आलंय. शाळेत असताना ती वडील हलगी वाजवतात हे सांगायची नाही. गटात आल्यावर तिनंच चार जणांना हलगी शेकून कशी चढवायची ते शिकवलं. पाश्चात्त्य समूहगीताची मात्र आमच्यासारख्या गावांत बोंब आहे. ज्या गावात चर्चचा कॉयर आहे तिथल्या मुलांना त्याची सवय असते, बाकीच्यांना यूट्यूब.

हे झालं स्पर्धांचं. आता अभ्यासक्रमांकडे येते, कारण आयांचा खरा प्रश्न तिथं असतो. "बाई, याचे मार्क धरतात का?" तर हो, आता धरतात. राज्यातल्या संलग्न कॉलेजांमध्ये २०२४च्या जूनपासून पदवीला नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. त्यात मुख्य विषयांशिवाय सह-अभ्यासक्रम नावाचा भाग आहे. योग, खेळ, एनएसएस, एनसीसी यांच्या जोडीला सांस्कृतिक उपक्रम आणि सादरीकरणाच्या कला त्यात येतात, आणि त्याचे क्रेडिट पदवीत मोजले जातात. शिवाय आपल्या शाखेबाहेरचा विषय घ्यायची सोय आहे. म्हणजे कागदावर बी.एस्सी.ची मुलगी संगीत घेऊ शकते. कागदावर म्हणते, कारण कॉलेजात शिकवायला माणूस हवा ना! कित्येक ठिकाणी पर्यायांची यादी लांबलचक आणि प्रत्यक्षात सगळ्यांना एकच विषय, असा प्रकार चालतो. म्हणून प्रवेशाच्या वेळी चौकशी करा. मुली मागत नाहीत म्हणून कॉलेज ठेवत नाही, आणि कॉलेजात नाही म्हणून मुली मागत नाहीत, असं ते रहाटगाडगं आहे.

बी.ए.ला संगीत हा रीतसर विषय विदर्भात आणि मराठवाड्यात बऱ्याच कॉलेजांत मिळतो. पश्चिम महाराष्ट्रात त्या मानानं कमी. ज्यांना पूर्णवेळ गाणंच करायचंय त्यांच्यासाठी विद्यापीठांचे स्वतःचे विभाग आहेत. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा संगीत व नाट्यशास्त्र विभाग. पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र. ते १९८७ साली सुरू झालं, आणि वर्गात बसून शिकण्यासोबत गुरूकडे जाऊन शिकायची गुरुकुल पद्धत तिथं ठेवलेली आहे. मुंबई विद्यापीठात संगीत विभाग आहे आणि वेगळी लोककला अकादमीही आहे. ओवी, भारूड, गोंधळ, तमाशा याचाही एम.ए.पर्यंत अभ्यास होतो, हे आमच्या त्या आजीला सांगितलं तर ती काय म्हणेल कुणास ठाऊक! महर्षी कर्व्यांनी १९१६ साली काढलेल्या आणि आता एसएनडीटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महिला विद्यापीठात प्रभाताई अत्रे कित्येक वर्षं संगीत विभागाच्या प्रमुख होत्या. २०२४च्या जानेवारीत त्या गेल्या. गोव्यात पणजीला संगीत महाविद्यालय आहे. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर बडोदा आहे. सयाजीराव गायकवाडांनी १८८६ साली मौलाबक्ष यांच्या हाताखाली जी गायनशाळा काढली, तिचीच आज विद्यापीठातली मोठी विद्याशाखा झालीय. छत्तीसगडमधल्या खैरागढला तर अख्खं विद्यापीठच संगीताचं आणि कलांचं आहे, १९५६ सालापासूनचं.

आता गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा आणि विद्यापीठाची पदवी यातली गल्लत. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पुढे त्यांच्या शिष्यांनी मंडळ स्थापन केलं, त्याच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा आपल्या मुली देतात. घरंदाज मुलीनं गाणं शिकणं हे या परीक्षांमुळे चारचौघांत मान्य झालं, हे उपकार फार मोठे आहेत. पण विशारद झाली म्हणजे विद्यापीठाची पदवीधर झाली असं सरसकट धरू नका. विशारदच्या जोरावर संगीताच्या एम.ए.ला प्रवेश देणारी विद्यापीठं आहेत, काही ठिकाणी गाण्याची चाचणी होते. प्रत्येकाचे नियम वेगळे. माहितीपत्रक स्वतः वाचा, शेजारणीच्या भाचीचं ऐकून फॉर्म भरू नका. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए. आणि त्यावर नेट किंवा सेट. संगीत विषयात नेट होते. नोकऱ्या भरपूर आहेत असं मी कुणालाही सांगत नाही. जागा थोड्या आणि कंत्राटी फार. क्लास, शाळा, साथसंगत, रेकॉर्डिंग असं दहा ठिकाणचं मिळून पोट भरतं. मुलीला गाण्यातच पुढं जायचं असेल तर हे तिला बसवून आधीच सांगावं. केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वर्षांच्या मुलामुलींसाठी शिष्यवृत्ती आहे, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. त्यासाठी गुरूकडे आधी काही वर्षं शिकलेलं असावं लागतं. म्हणजे पुन्हा तेच, दहावीला क्लास सोडला की तो धागा तुटतो.

होस्टेलवर राहणाऱ्या मुलींची एक अडचण हमखास ऐकते. रियाझ कुठं करायचा? खोलीत चौघी, त्यातल्या एकीची उद्या परीक्षा. पेटी न्यायची म्हणजे एसटीत तिचं वेगळं तिकीट काढल्यासारखं. तर मुलींनो, मोबाइलवर तानपुरा मिळतो, फुकट. हेडफोन लावा आणि पहाटे गच्चीवर वीस मिनिटं नुसता षड्ज लावा. मिरजेच्या तानपुऱ्याची सर त्याला नाही (मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं), पण सूर हलत नाही, आणि कुणाची झोपही मोडत नाही.

जूनमध्ये प्रवेशाच्या रांगेत उभ्या राहाल तेव्हा फी, बसचा पास आणि ग्रंथालयाबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा. सांस्कृतिक विभागाचे प्रमुख कोण आहेत? समूहगीताची निवड चाचणी कधी असते? सराव संध्याकाळी किती वाजेपर्यंत चालतो आणि शेवटची एसटी त्यानंतर आहे का? हा तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आमच्या कॉलेजात याच कारणानं सराव दुपारी दोनला ठेवतात. प्रॅक्टिकल बुडतं म्हणून सायन्सचे सर थोडे कुरकुरतात, पण चालवून घेतात.

यंदाच्या गटात अजून पाचच आवाज आहेत. सहावीचा आवाज आम्ही ऐकलाय, खालच्या सुरात सुंदर लागतो. तिची आई म्हणालीय, शनिवारच्या बाजाराला येऊ तेव्हा कॉलेजात डोकावून जाऊ.